त्या टेकडीवर क्रूस तीन होते

"ताई, माझा मुलगा 23 वर्षांचा. ऑगस्टच्या शेवटी मित्रांच्या भांडणात त्याने एका मुलाच्या डोक्यात रॉड घातला. तो मुलगा वाचला, पण त्याचा उजवा हात अजून वर उचलत नाही. माझा मुलगा नाशिक रोडच्या जेलमध्ये आहे. मी एकदाच मुलाखतीला गेले. तो मान खाली घालून उभा राहिला, माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही आणि वेळ संपली. मिस्टर म्हणतात, आपल्याला मुलगा नव्हताच असं समज. भाऊ म्हणतो, दागिने मोड, मोठा वकील कर आणि त्या मुलाच्या घरी पैसे देऊन जबाब फिरवून घे. तेव्हापासून मी चर्चमध्ये मिस्साला गेलेले नाही. हरेगावची मतमाउलीची यात्राही यंदा चुकली. सगळे सांगतात, मरियामातेकडे बघ, तिनेही मुलाचं दुःख सोसलं. पण ताई, तिचा मुलगा निर्दोष होता. माझ्या मुलाने केलंय. जपमाळ हातात घेते आणि दुःखाच्या रहस्यांपाशी अडखळते. कोणत्या तोंडाने तिला हाक मारू? दिवसभर रडत असते. मला बघून दहावीतली मुलगी रडते. मला धीर कुठून येईल?"
– एक आई, नाशिक रोड

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून मी "माझ्या मुलाने केलंय" या वाक्याशी बराच वेळ थांबले. अशा प्रसंगात आईबापांच्या तोंडी बहुतेक वेळा संगत येते, मित्र येतात, "आमचा तसा नाही हो" येतं. तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाहीत. खरं आहे ते सरळ लिहून टाकलंत, आणि तरीही "माझा मुलगा" म्हणालात. तुम्ही धीर मागताय, पण हे वाक्य भित्र्या बाईला लिहिता आलं नसतं.

तुमच्या शंकेबद्दल आधी बोलते, कारण ती अगदी रास्त आहे. "मरियेनेही सोसलं" असं म्हणून तुमची समजूत घालणारे प्रेमापोटीच बोलतात, पण ते घाई करतात. येशू निष्पाप होता. त्याने कुणाला मारलं नाही, उलट त्यालाच मारलं गेलं. तुमच्या मुलाच्या हातून दुसऱ्याच्या मुलाचा हात गेला. ही दोन दुःखं सारखी नाहीत आणि ती सारखी आहेत असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण येशूला क्रुसावर चढवलं त्या टेकडीकडे पुन्हा एकदा बघा. तिथे क्रूस तीन होते. मधल्या क्रुसावर निष्पाप येशू आणि दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार. त्यांच्यातला एक जण स्वतःच म्हणतो, आपल्याला मिळालेली शिक्षा योग्य आहे, आपण आपल्या कृत्यांचं फळ भोगतोय, याने मात्र काहीच वाईट केलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात हे आहे. त्या माणसाची बाजू मांडायला कुणी नव्हतं, आणि सबब त्याने स्वतःच सांगितली नाही. त्याने एवढंच मागितलं की माझी आठवण ठेव. आणि येशूने त्याला शब्द दिला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

त्या दोघांच्या आया कुठे होत्या, ते शुभवर्तमान सांगत नाही. असतील शहरातच कुठेतरी, दार लावून बसलेल्या. लोक काय म्हणतील म्हणून टेकडीपर्यंत यायला त्यांचे पाय उचलले नसतील. पण मरिया तिथे होती. योहानाचं शुभवर्तमान तिला क्रुसाजवळ उभी असलेली दाखवतं. म्हणजे गुन्हा कबूल केलेला तो माणूस तिच्यापासून हातांच्या अंतरावर होता. त्याला दिलेला शब्द तिच्याही कानावर पडला असेल असं मी धरून चालते. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली असेल हे माझ्या मनाला पटतच नाही.

म्हणून ताई, जपमाळेतल्या दुःखाच्या रहस्यांमध्ये, म्हणजे येशूच्या छळाच्या आणि मरणाच्या त्या प्रसंगांमध्ये, तुमच्यासाठी जागा नाही असं मानू नका. तुमचं स्थान मधल्या क्रुसाखाली नसेल, बाजूच्या क्रुसाखाली असेल. टेकडी तीच आहे. तिथे रिकामी राहिलेली आईची जागा तुम्ही घ्या, मरिया शेजारीच उभी आहे. ख्रिस्तसभा या पश्चात्तापी गुन्हेगाराची आठवण 25 मार्चला करते, आणि देवदूताने मरियेला निरोप दिला तो सणही 25 मार्चलाच असतो. मला यात फार मोठा आधार वाटतो.

क्रुसावरून येशूने शिष्य योहानाकडे बघून तिला "हा तुझा मुलगा" म्हटलं, आणि त्या क्षणापासून ती आपल्या सगळ्यांची आई झाली असं आपण मानतो. हे "सगळे" कोण होते? आदल्या रात्री येशूला पकडल्यावर पळून गेलेले त्याचे शिष्य. "मी त्याला ओळखत नाही" असं तीनदा सांगणारा पेत्र. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात मरिया याच माणसांबरोबर माडीवर प्रार्थनेला बसलेली दिसते. ज्यांनी तिच्या मुलाला संकटात एकटं टाकलं, त्यांच्यात ती बसली. निर्दोष माणसांचीच आई व्हायचं असतं तर त्या माडीवर तिला कुणीच सापडलं नसतं. तुम्ही विचारता, कोणत्या तोंडाने हाक मारू. याच तोंडाने मारा.

आता रडण्याबद्दल. रडणं म्हणजे धीर सुटणं, असं तुम्ही धरून चालला आहात. चित्रकारांनी शतकानुशतकं मरियेला क्रुसाखाली मूर्च्छा येऊन पडलेली रंगवली. तिच्या मूर्च्छेचा वेगळा सण असावा असा आग्रह झाला तेव्हा 1506 मध्ये कायेतान नावाच्या डॉमिनिकन पंडिताने त्याला विरोध केला, कारण शुभवर्तमान तिला उभी दाखवतं. त्याच्याही फार आधी, चौथ्या शतकात, मिलानचे बिशप संत अंब्रोज म्हणाले होते की ती उभी होती एवढं मी वाचतो, ती रडली असं वाचत नाही. अंब्रोजबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्यांचं हे वाक्य कुणी तुमच्या तोंडावर फेकलं तर मनाला लावून घेऊ नका. लाजरसच्या कबरीपाशी खुद्द येशू रडला होता. धीर डोळ्यांवरून मोजू नका, तो पायांत असतो. रडत रडत जेलच्या फाटकापर्यंत गेलात तरी तुम्ही तिथे पोचलेल्याच असता.

आणि तिथे जायचंच आहे. जे सांगायचं त्यात हे सगळ्यात मोठं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या मुलाखतीत दोघंही गप्प राहिलात म्हणून ती वाया गेली असं समजू नका. त्याने मान खाली घातली, म्हणजे त्याला लाज वाटतेय. ज्याला लाज वाटते त्याच्याशी बोलता येतं. पुन्हा जा. मुलाखतीचे दिवस, वेळ आणि नावनोंदणी कशी करायची हे आधी चौकशी करून ठेवा, म्हणजे फाटकावरून परत फिरावं लागणार नाही. आधार कार्ड बरोबर असू द्या. खायला काही करून नेण्याआधी काय चालतं ते विचारा, नाहीतर डबा परत आणावा लागतो आणि तेवढ्यानेही माणूस मोडून पडतो. कँटीनसाठी थोडे पैसे कसे पाठवायचे तेही तिथेच कळेल. प्रत्यक्ष जाणं जमलं नाही तर ई-मुलाखत नावाची व्हिडिओवर भेटण्याची सरकारी सोय आहे, तिची नोंदणी तुमची मुलगी मोबाइलवरून करून देईल.

भेटल्यावर काय बोलायचं? बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हा मरियेने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, बाळा, तू आमच्याशी असा का वागलास? तिने सुरुवात "बाळा"ने केली आणि प्रश्नही गिळला नाही. जपमाळेच्या पाचव्या आनंदाच्या रहस्यात आपण हा प्रसंग इतक्यांदा म्हणतो की त्यात एका आईचा राग आहे हे विसरूनच जातो. तुमचं बोलणंही असंच असू द्या. त्याला नावाने हाक मारा. तू केलंस ते वाईट केलंस, हे म्हणा. आणि मी पुढच्या वेळीही येणार आहे, हे म्हणा. दोन्ही म्हणा. नुसतं पहिलं म्हणालात तर तो आणखी आत मिटेल. नुसतं दुसरं म्हणालात तर आईने सगळं पोटात घातलं असं त्याला वाटेल. भांडणाचा तपशील मात्र मुलाखतीत उकरू नका. तो वकिलाशी बोलायचा विषय आहे. त्याला घरचं सांगा, बहिणीच्या परीक्षेचं सांगा. साने गुरुजींनी आपल्या आईच्या आठवणी 1933 मध्ये नाशिकच्याच तुरुंगात बसून लिहून काढल्या हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल. त्यांची गोष्ट वेगळी, ते देशासाठी आत गेले होते. पण भिंतींच्या आत माणूस आईला किती घट्ट धरून ठेवतो ते त्यावरून कळतं.

भावाने सुचवलेल्या वाटेने जाऊ नका. हे मी अगदी स्पष्ट सांगते. पैसे देऊन जबाब फिरवायला लावणं हा वेगळा गुन्हा आहे. तो उघडकीला आला तर मुलाच्या जामिनाची उरलीसुरली आशाही जाईल आणि तुम्ही स्वतः अडकाल. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्या घरातल्या मुलाला नीट घास उचलता येत नाही, त्या घरी जाऊन "झालंच नाही म्हणा" असं सांगायचं? तुम्हाला ते जमणार नाही. तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यावरूनच मी हे ओळखलं.

दागिनेही लगेच मोडू नका. आपल्याकडे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा, किंवा 15100 या हेल्पलाइनवर फोन लावा. वकील कुणीही असो, त्याला एक प्रश्न नक्की विचारा: दोषारोपपत्राची (चार्जशीटची) मुदत कधी संपते? गुन्ह्याच्या कलमांप्रमाणे ती 60 किंवा 90 दिवसांची असते. त्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो. अटक ऑगस्टच्या शेवटी झाली, म्हणजे दिवस आत्ता मोजायला हवेत. हा अर्ज केला म्हणजे आपण गुन्हा झाकतोय असं वाटून घेऊ नका. खटला व्हायचा तो होईलच.

आता त्या दुसऱ्या आईबद्दल. तुम्ही तिच्याविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही, पण पत्रभर ती आहे. मुलाचा हात वर उचलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे तुम्ही चौकशी करत असता. तिच्या दारात आत्ता जाऊ नका. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी तिला तो दबाव वाटेल, आणि कोर्टालाही तसाच वाटू शकतो. उपचाराच्या खर्चाला काही हातभार लावायचा असेल तर वकिलाला विचारून, त्याच्यामार्फत, आणि बदल्यात काहीही न मागता लावा. पीडितांना नुकसानभरपाई मिळण्याची सरकारी योजना आहे आणि तीही याच प्राधिकरणामार्फत चालते. ही माहिती त्या घरापर्यंत पोचलेली नसेल तर ती पोचावी म्हणून फादरांना सांगा. आणि जपमाळ म्हणाल तेव्हा एक दशक, म्हणजे दहा वेळा "नमो मरिये" ही प्रार्थना, त्या मुलासाठी म्हणा, त्याचं नाव घेऊन. सुरुवातीला जिवावर येईल. त्याचं नाव तोंडात आलं की आपल्या मुलाचा हात डोळ्यांसमोर येईल. तरी म्हणा. दुःखाच्या रहस्यांपाशी तुम्ही अडखळता त्याचं एक कारण मला हेच दिसतं, की प्रत्येक नमो मरिये फक्त आपल्या मुलासाठी म्हणायचं असं तुम्ही ठरवून टाकलंय आणि मन त्याला तयार होत नाही. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आहे, मंगळवार आणि शुक्रवार दुःखाच्या रहस्यांचे. एका मंगळवारी एवढं एकच दशक म्हणून बघा. बाकीची माळ नाही झाली तरी चालेल.

मिस्टरांना ओढून नेऊ नका आणि त्यांच्याशी भांडूही नका. "मुलगा नव्हताच" म्हणणारा बाप मुलाला विसरलेला नसतो. क्रुसाजवळ थांबलेल्यांची नावं योहान देतो त्यात बहुतेक बायका आहेत. पुरुषांपैकी एकटा तो तरुण शिष्य. पेत्र नंतर परत आला, आणि येशूने त्याला परत येऊ दिलं. तुम्ही मुलाखतीहून आलात की मुलगा कसा दिसला, काय बोलला, एवढं घरात मोठ्याने सांगत जा. मिस्टर पेपर वाचत बसलेले असले तरी ऐकतील.

मिस्साला या रविवारीच जा. हे उद्यावर ढकललं की आणखी जड होत जातं. सेंट अ‍ॅन कॅथेड्रल तर मरियेच्या स्वतःच्या आईच्या नावाचं आहे. तिथे अपमान झालेल्या आईला जागा नसेल तर कुठे असेल? लोक वळून बघतील, एखादी बाई नको तो प्रश्न विचारेल. क्रुसाची वाट या चौदा स्थानांच्या प्रार्थनेत चौथ्या स्थानी मरिया क्रूस वाहणाऱ्या येशूला भेटते तेव्हा रस्ता काही रिकामा नव्हता. शुभवर्तमानात ही भेट लिहिलेली नाही, ती भाविकांच्या परंपरेने जपली, आणि मला वाटतं तुमच्यासारख्या आयांनीच जपली असणार. सगळं गाव बघत असताना आपल्या मुलाच्या समोर जाऊन उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं. पहिल्या रविवारी गर्दी सोसवणार नसेल तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी बाळ येशू मंदिरात जाऊन बसा. पण रविवार सोडू नका.

फादरांशी एकट्याने बोला. सगळं सांगा, भावाचा सल्लासुद्धा. मुलाला पापनिवेदन करायचं असेल तर जेलमध्ये फादरांची भेट होऊ शकते का, ते विचारा. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया या नावाने आपल्या ख्रिस्तसभेचे लोक देशभरातल्या तुरुंगांत जातात. त्यांचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे. जपमाळेवर आणि मरियेवर जीव लावलेला हा पोलिश फादर ऑशविट्झच्या छळछावणीत कैदी होता. उपासमारीने मारायला निवडलेल्यांतला एक जण बायकोमुलांच्या नावाने आक्रोश करू लागला, तेव्हा कोल्बेंनी त्याची जागा मागून घेतली आणि 14 ऑगस्ट 1941 ला ते गेले. तो माणूस पुढे 1995 पर्यंत जगला. तुरुंगात कैद्याला भेटायला जाणं आपल्या श्रद्धेत कमीपणाचं कधीच नव्हतं. "मी बंदिशाळेत होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात" असं येशू मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात म्हणतो, आणि कैदी निर्दोष असला तरच, अशी अट तो घालत नाही.

मुलीचं एवढंच. तिच्यापासून काही लपवू नका, वर्गात तिला सगळं ऐकायला मिळतच असणार. तिच्या वर्गशिक्षिकेला एकदा जाऊन भेटा. आणि घरात रोज थोडा वेळ असा ठेवा की त्यात भावाचा विषय निघणार नाही, फक्त तिचा अभ्यास आणि तिच्या गप्पा. दहावीच्या या वर्षात तिला तिची आई हवी आहे.

हरेगावची यात्रा चुकली त्याचं ओझं बाळगू नका. मतमाउली यात्रेपुरती तिथे नसते. एखाद्या साध्या दिवशी श्रीरामपूरपर्यंत जा आणि तिथून पुढे हरेगावला जाऊन या. मुलगी यायला तयार असेल तर तिलाही न्या.

पुढची मुलाखत झाली की मला लिहा. तो काय म्हणाला ते लिहा, काही म्हणाला नाही तर तेही लिहा. आणि दोषारोपपत्राची तारीख वकिलाला विचारायला विसरू नका.

तुमची,
ताई